थंड पाण्यातल्या फ्लाय फिशिंगसाठी जॅकेट: ऊब भरलेले एकच घ्यावे, की वरचे आणि आतले वेगळे?

रामबागकर (इंदूर)

मंडळी, मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिघे मित्र कुल्लू जिल्ह्यातल्या तीर्थन नदीवर ट्राउट माशांच्या फ्लाय फिशिंगसाठी, म्हणजे किड्यासारखे हलके कृत्रिम आमिष (फ्लाय) फेकून मासे धरण्यासाठी, जाणार आहोत. हिमाचलात ट्राउट पकडण्यावर १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत बंदी असते, त्यामुळे मार्चचा आरंभ म्हणजे हंगामातले अगदी गारठ्याचे दिवस. गुशैनीच्या आसपास नदी दीड हजार मीटरच्या आगेमागे उंचीवरून वाहते, पाणी वितळत्या बर्फाचे असते, आणि पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी वादळी हवा) येऊन ठेपला की पाऊस, बर्फमिश्रित पाऊस आणि लख्ख ऊन ही तिन्ही एकाच दुपारी भेटतात, असे जाऊन आलेले सांगतात. कास्टिंगचा, म्हणजे रॉडने दोरी (लाइन) फेकण्याचा, सराव चोरल धरणाच्या काठावर झालेला आहे, रॉड आणि रीळ आहे, वेडर्स (पाण्यात उतरताना घालायची वॉटरप्रूफ विजार) तेथेच भाड्याने मिळणार आहेत. घोडे अडले आहे ते जॅकेटवर.

इंदूरच्या बाजारात मला दोनच प्रकार दिसले: दुचाकीवाल्यांचे रेनकोट आणि मनालीच्या सहलीला जाणाऱ्या कुटुंबांसाठीची फुगीर जॅकेटे. ऑनलाइन पाहावे, तर प्रत्येक जॅकेटवर १०,००० आणि २०,००० मिलिमीटर असे आकडे लिहिलेले, आणि ते कशाचे आहेत हे कोणी सांगत नाही. माझा कल आत कृत्रिम भरण असलेले, वरून वॉटरप्रूफ असे एकच जाड जॅकेट घेण्याकडे आहे, कारण सामान कमी होते आणि सकाळी एकदा चढवले की दिवसभर विचार करावा लागत नाही. खर्चाची मर्यादा १५,००० रुपये. अनुभवी मंडळींनी मत द्यावे.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

ग्वाल्हेरच्या जानेवारीत मी तिघरा धरणावर बसतो तो स्वेटर, त्यावर कोट, त्यावर शाल आणि कानाला मफलर अशा थाटात. मासे अद्याप हसलेले नाहीत. मात्र एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. मी गळ टाकून बसणारा माणूस आहे, मला हात हलवावा लागत नाही. तुम्हांला तो दर मिनिटाला खांद्यामागे न्यायचा आहे. जे काही घ्याल ते घालून दुकानातच हात मागे नेऊन पाहा, दुकानदाराला काय वाटायचे ते वाटू द्या.

धागादोरा (वडोदरा)

माझे शिक्षण वस्त्रशास्त्रातले आहे, मासेमारीतले नाही. तेव्हा माशांविषयी इतरांनी बोलावे, कापडाविषयी मी सांगते.

तुम्ही म्हणता ते मिलिमीटर म्हणजे पाण्याच्या स्तंभाची उंची. कापडाचा तुकडा आवळून बसवतात, एका बाजूने पाण्याचा दाब वाढवत नेतात आणि दुसऱ्या बाजूला तिसऱ्या ठिकाणी थेंब उमटला की दाब नोंदवतात. १०,००० मिलिमीटर म्हणजे दहा मीटर उंच पाण्याचा दाब. नुसत्या पडणाऱ्या पावसाने कापडावर एवढा दाब कधीच येत नाही. तो येतो सॅकच्या पट्ट्याखाली खांद्यावर, ओल्या दगडावर बसल्यावर, कोपर टेकल्यावर. म्हणून चांगल्या प्रतीचे १०,००० चे कापड तुम्हांला पुरावे. वीस हजारांचा हट्ट धरण्याऐवजी शिवणी पाहा. सुई जेथून गेली तेथे भोक आहेच, आणि त्यावर आतून पट्टी चिकटवलेली नसेल तर कापडाचा आकडा कितीही मोठा असला तरी पाणी शिवणीतून येणार. काही जॅकेटांत सर्व शिवणींना पट्टी असते, काहींत केवळ खांद्याच्या आणि टोपीच्या. ऊब भरलेल्या जॅकेटात अडचण ही की अस्तरामुळे ती पट्टी डोळ्यांना दिसतच नाही, आणि ग्राहकाला छापील चिठ्ठीवर विश्वास ठेवावा लागतो.

दुसरा आकडा वाफेचा: एका चौरस मीटर कापडातून २४ तासांत किती ग्रॅम बाष्प बाहेर गेले. हा मोजण्याच्या पद्धती अनेक आहेत आणि त्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. एकाच कंपनीच्या दोन जॅकेटांत हा आकडा ताडून पाहावा. दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना व्यर्थ आहे.

तिसरी गोष्ट कोणी लिहीत नाही. बाहेरच्या कापडावर पाणी मोत्यांसारखे घरंगळावे म्हणून एक लेप दिलेला असतो. तो झिजला की बाहेरचे कापड पाणी पिते. आतला पाणी अडवणारा पातळ पडदा अजून शाबूत असतो, पाणी आत आलेले नसते, परंतु भिजलेल्या कापडातून वाफ बाहेर पडू शकत नाही. ती आतच थंड होऊन साचते आणि माणूस म्हणतो की जॅकेट गळते आहे. अशी कितीतरी चांगली जॅकेटे लोकांनी टाकून दिलेली मी पाहिली आहेत.

निवृत्त_पायदळ (महू)

वरील ताईंचे विवेचन उत्तम आहे. त्यांनी शेवटी जे सांगितले, त्यावरूनच माझे मत मांडतो.

थंडीत माणूस बाहेरच्या पाण्याने जितका भिजतो, तितकाच स्वतःच्या घामाने भिजतो. आमच्याकडे नव्या जवानांना पहिला धडा हाच असे, की चालायला सुरुवात करताना थोडी थंडी वाजली पाहिजे. आरंभीच ऊबदार वाटत असेल तर अर्ध्या तासाने अंगावरचे कपडे ओले होणार. तुम्ही गाडीतून उतरून थेट पाण्यात शिरणार नाही. खांद्यावर सामान घेऊन नदीकाठची चढण चढाल, दगडांवरून उड्या माराल, मग उभे राहाल. जाड जॅकेटात चढण चढलात तर वर पोहोचल्यावर आतून ओले व्हाल आणि त्याच ओल्या कपड्यांत वाऱ्यात उभे राहाल. त्यामुळे अंगालगत लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा पातळ बनियन, त्यावर फ्लीस (लवदार पॉलिएस्टरचा ऊबदार कपडा), आणि सर्वांत वर बिनभरणाचे वॉटरप्रूफ जॅकेट घ्यावे. सुती बनियन कटाक्षाने घरी ठेवावा, कारण सूत पाणी धरून ठेवते. ऊबदार भरणाचा कपडा वेगळा, सॅकेत. थांबल्यावर घालायचा, निघण्याआधी काढायचा.

रामबागकर, दिवसभर विचार करावा लागू नये असे आपण लिहिले आहे. डोंगरात कपड्यांचा विचार दिवसभर करावाच लागतो, त्यातून सुटका नाही.

बो_काठचा (कॅलगरी, मूळचा इंदूरचा)

काकांचा आदर राखून असहमती नोंदवतो. त्यांचा नियम चालणाऱ्या माणसासाठी आहे. फ्लाय फिशिंग करणारा मनुष्य चढण अर्धा तास चढतो आणि नंतर मांडीभर पाण्यात दोन-दोन तास एका जागी उभा राहतो. हालचाल काय ती खांद्याची आणि मनगटाची.

शिवाय एका अडचणीचा उल्लेख कोणीच केलेला नाही. बर्फमिश्रित पाऊस चालू असताना आतला थर चढवायचा तर आधी वरचे जॅकेट काढावे लागते. म्हणजे नेमके ज्या क्षणी आपण सर्वांत गारठलेले असतो, त्याच क्षणी उघड्यावर, बधिर बोटांनी चेन उघडून, छातीवर पाऊस घेत कपडे बदलायचे. पाण्याच्या मध्यावर असलो तर आधी काठावर यायचे. प्रत्यक्षात कोणी येत नाही. कुडकुडत उभा राहतो. भरण असलेले एक जॅकेट हा प्रश्न मुळातच निकालात काढते.

मी बो नदीच्या काठी हिवाळ्यातही जातो. उणे दहाच्या खाली वॉटरप्रूफपणा दुय्यम होतो, कारण पाऊस नसतोच. बर्फ झटकला की गेला, आणि रॉडच्या कड्यांत गोठणारे पाणी हीच खरी डोकेदुखी असते. खरी कसोटी शून्य ते पाच अंशांच्या पट्ट्यात लागते, जेथे पाणी पाणीच राहते आणि थंडी हाडांत शिरते. मार्चमधले तीर्थन याच पट्ट्यात येते. माझ्याकडे धडात १०० ग्रॅम आणि बाह्यांत ६० ग्रॅम प्रति चौरस मीटर भरण असलेले जॅकेट आहे आणि मी त्यावर समाधानी आहे.

आडनावात_काय (इंदूर)

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. इथे तर पाण्यात राहून जॅकेटाशी वैर चालले आहे.

चिंतोपंत (वडोदरा)

पंधरा हजार रुपयांत मी वर्षभर शेव-उसळ खाईन. दुचाकीवर घालायचा जाड रेनकोट घ्या, आत दोन स्वेटर घाला, नदीवर जा, परत या. जे जॅकेट आयुष्यात आठवडाभर वापरायचे त्यासाठी अंथरूण पाहून पाय पसरावेत.

धागादोरा (वडोदरा)

चिंतोपंत, तुमचे म्हणणे मी हसण्यावारी नेणार नाही. पीव्हीसीचा रेनकोट पाणी शंभर टक्के अडवतो, आणि माणूस स्थिर उभा असेल तर घामही बेताचाच येतो. एका दिवसासाठी तो चालून जाईल. परंतु त्यातून वाफ अजिबात जात नाही, थंडीत तो पुठ्ठ्यासारखा ताठ होतो, आणि दुचाकीसाठी तो मुद्दाम लांब कापलेला असतो. लांबीविषयी नदीत उतरणाऱ्यांनीच बोलावे.

नर्मदातीर (इंदूर)

लांबीविषयी बोलतो, आणि मग ज्यासाठी हा धागा वाचता वाचता थांबलो ते सांगतो.

वेडिंगचे, म्हणजे पाण्यात उतरून मासेमारी करण्याचे, जॅकेट कमरेपाशी संपते, ही फॅशन नव्हे. पाण्यात मांडीपर्यंत किंवा कमरेपर्यंत उतरल्यावर लांब जॅकेटाचा घेर प्रवाहात बुडतो, ओढला जातो आणि पाणी वर शोषतो. म्हणून ते आखूड असावे, खालच्या कडेला आवळण्याची दोरी असावी, आणि छातीवरचे खिसे उंच असावेत, म्हणजे फ्लायची डबी पाण्याबाहेर राहते. परवान्याचा कागद ठेवण्यासाठी आत एक चेनचा खिसा असला तर उत्तम, कारण तपासणीला तो दाखवावा लागतो. टोपी अशी हवी की मान वळवली तर तीही वळली पाहिजे. नाहीतर मागची फांदी पाहायला वळाल आणि टोपीचे अस्तर पाहाल.

आता मूळ मुद्दा. आतापर्यंत सर्वांनी पावसाचा आणि घामाचा विचार केला. मला पब्बर आणि बास्पा या नद्यांवर जो अनुभव आला, त्यावरून सांगतो की मासेमाराच्या जॅकेटात पाणी शिरते ते बाहीतून.

नीट पाहा काय घडते ते. उजव्या हातात रॉड आहे, लाइन उजव्या तर्जनीखालून गेलेली आहे आणि डावा हात ती टप्प्याटप्प्याने मागे ओढतो आहे. लाइन नदीतून येते, प्रत्येक ओढीबरोबर तिच्यावरचे पाणी तर्जनीवर निथळते, तळहातात उतरते, मनगटापाशी जमते. पुढच्या कास्टसाठी हात वर गेला की मनगट कोपराच्या वर येते आणि जमलेले पाणी बाहीच्या आत, कोपराकडे वाहू लागते. हे तासाला शेकडो वेळा घडते. भरीला मासा सोडताना हात मनगटाच्या वरपर्यंत बुडवावा लागतो, कारण ट्राउटला काही क्षण प्रवाहाकडे तोंड करून धरून ठेवायचे असते.

बाहीत भरण असेल तर हे पाणी अस्तरात आणि भरणात मुरते, आणि दुपारपर्यंत कोपरापर्यंतचा भाग जड आणि गार झालेला असतो. हवेच्या तुलनेत पाणी सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. तेव्हा ओल्या भरणाची बाही ही नुसत्या पातळ बाहीपेक्षा वाईट. संध्याकाळी ती सुकत नाही. होमस्टेमधल्या तंदुराशेजारी, म्हणजे तिकडच्या खोलीतल्या लाकडाच्या शेगडीशेजारी, ती टांगाल तर पडदा आणि शिवणीची पट्टी दोन्ही खराब होतील.

त्यामुळे माझे मत वरील दोन्ही पक्षांहून वेगळे आहे. वरचे जॅकेट बिनभरणाचे, आखूड, तीन थरांचे. आत कृत्रिम भरणाची बिनबाह्यांची बंडी, सकाळीच घालून घ्यायची आणि अंगावरून काढायची नाही. छाती आणि पाठ उबदार राहिली की शरीर बोटांपर्यंत रक्त पाठवते. बाहीत फ्लीसचा पातळ थर पुरतो. ओला झाला तर पिळून पुन्हा घालता येतो.

बो_काठचा (कॅलगरी, मूळचा इंदूरचा)

बाहीचा मुद्दा मान्य, पण त्यावर उपाय आहे. चांगल्या वेडिंग जॅकेटांना निओप्रीनचे (फुगीर कृत्रिम रबराचे) किंवा रबरासारख्या मऊ पदार्थाचे आतले मनगटबंद असतात. ते कातडीला घट्ट बसतात. असे मनगटबंद असेल तर भरणाची बाही कोरडी राहते.

नर्मदातीर (इंदूर)

कोरडी नव्हे, कमी ओली. मनगटबंद खूप आवळले तर बोटांकडे जाणारे रक्त अडते आणि सैल ठेवले तर पाणी जाते. मधला बिंदू सापडतो, पण दिवसभर टिकत नाही. शिवाय मासा सोडताना मी बाही कोपराच्या वर सरकवतो, हात बुडवतो, पुसतो आणि बाही पुन्हा खाली ओढतो. बिनभरणाची बाही सरकते. भरणाची बाही सरकत नाही, कोपरापाशी अडून बसते. हा प्रयोग आपण घरच्या बादलीवरही करू शकता.

निवृत्त_पायदळ (महू)

बंडीची कल्पना मला पटली. चढण चढताना मात्र ती काढावीच, या मतावर मी ठाम आहे. वरचे जॅकेट चढणीवर बहुधा सॅकेतच असते, त्यामुळे बंडी घालण्यासाठी पावसात जॅकेट काढावे लागण्याचा जो आक्षेप कॅलगरीकरांनी घेतला, तो येथे लागू होत नाही. नदीवर पोहोचल्यावर आधी बंडी, मग जॅकेट, मग पाणी, असा क्रम ठेवावा.

आडनावात_काय (इंदूर)

पिसांचे भरण नको का? दुकानात सर्वांत हलके आणि सर्वांत महाग तेच होते, म्हणून विचारतो.

धागादोरा (वडोदरा)

कोरड्या थंडीत पिसांना तोड नाही. चिठ्ठीवर जो ६०० किंवा ८०० असा आकडा असतो तो एक औंस पिसे किती घन इंच जागा व्यापतात याचा. आकडा जितका मोठा तितक्याच वजनात अधिक हवा कोंडली जाते, आणि ऊब देते ती ही कोंडलेली हवाच. पिसे भिजली की त्यांचे गोळे होतात, हवा निघून जाते आणि ऊबही. पाणी न शोषणारी प्रक्रिया केलेली पिसे मिळतात, त्यांना भिजायला अधिक वेळ लागतो, एवढेच. नर्मदातीर यांनी वर्णन केलेल्या कामासाठी कृत्रिम भरणच हवे. ते भिजल्यावरही बरीचशी जाडी राखते. प्रिमालॉफ्ट हे आज सर्वत्र दिसणारे भरण १९८० च्या दशकात अमेरिकी सैन्याला पिसांचा असाच पर्याय हवा होता म्हणून तयार झाले.

रामबागकर (इंदूर)

माहिती मिळाली, गोंधळही वाढला, तरी बंडीचा मार्ग मला आवडला आहे. दोन शंका. गोरटेक्सच्या पडद्याचेच हवे काय? आणि हे जॅकेट मार्चनंतर इंदुरात अकरा महिने कपाटात पडणार, तर त्याचे काय होईल? सौभाग्यवतींनी ते डांबरगोळ्यांसह ट्रंकेत घालण्याचे आधीच जाहीर केले आहे.

धागादोरा (वडोदरा)

गोरटेक्सच हवे असे नाही. रॉबर्ट गोर यांना १९६९ मध्ये आढळले की टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्याने ताणला की त्यात अतिसूक्ष्म छिद्रे पडतात. थेंब त्यातून जाऊ शकत नाही, बाष्प जाते. १९७६ पासून त्याची वस्त्रे बाजारात आली. मूळ पेटंटची मुदत केव्हाच संपली असून आता अनेक कंपन्या स्वतःचे पडदे बनवतात. तुमच्या खर्चाच्या मर्यादेत पॉलियुरेथेनचा पडदा असलेले तीन थरांचे जॅकेट बसेल. तीन थर म्हणजे बाहेरचे कापड, पडदा आणि आतली पातळ जाळी एकत्र चिकटवलेली. आत सुटे अस्तर नसल्यामुळे शिवणीची पट्टी उघड दिसते. बोट फिरवून तपासून घ्या.

लेपाविषयी एक बदल लक्षात ठेवावा. पूर्वीच्या लेपांत फ्लोरिनयुक्त रसायने असत, जी निसर्गात लवकर नष्ट होत नाहीत. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क या राज्यांनी जानेवारी २०२५ पासून अशा रसायनांच्या बहुतेक कपड्यांची विक्री थांबवली, मुसळधार पावसात वापरायच्या कपड्यांना थोडी अधिक मुदत दिली, आणि मोठ्या कंपन्यांनी लेप बदलले. नवे लेप पाणी झटकतात, तेल झटकत नाहीत. मानेजवळचे अंगाचे तेल, पराठ्याचे तूप, फ्लाय तरंगावी म्हणून लावायचा चिकट पदार्थ यांचा डाग पडला की तेवढ्याच जागी कापड पाणी पिऊ लागते. म्हणजे नवे जॅकेट जुन्यापेक्षा अधिक वेळा धुवावे लागते, कमी वेळा नव्हे.

साठवणीसाठी ट्रंक अयोग्य आहे. पॉलियुरेथेनचा शत्रू म्हणजे उष्णता आणि दमट हवा यांची जोडी, आणि मे महिन्यापाठोपाठ येणारा पावसाळा ती जोडी पुरवतोच; काही वर्षांत पडदा सुटतो आणि आतून पांढरट पापुद्रे पडू लागतात. पूर्ण कोरडे करून, हँगरवर, घरातल्या थंड भिंतीच्या कपाटात टांगावे. बंडीही घडी दाबून ठेवू नये, तिची फुगवट कायमची बसते.

चिंतोपंत (वडोदरा)

जॅकेट टांगून ठेवण्यासाठी आता थंड भिंतीचे घरही घ्यावे लागेल.

सुखलियाकर (इंदूर)

माझाही एक अनुभव नोंदवून ठेवतो. एका ऑनलाइन दुकानाच्या पानावर वॉटरप्रूफ असे ठळक लिहिलेले जॅकेट मागवले, आणि आलेल्या चिठ्ठीवर बारीक अक्षरांत वॉटर रेझिस्टंट असे होते. शिवणींवर पट्टी नाही, चेनवर झडप नाही. परत करण्याची मुदत होती म्हणून निभावले. तेव्हापासून मी वस्तू आल्याच दिवशी जॅकेट अंगात घालतो, आत कोरडा पातळ राखाडी शर्ट घालतो आणि गच्चीवर मुलाला पाइप धरायला सांगतो. राखाडी कापडावर ओलाव्याचा ठिपका लगेच दिसतो. दहा मिनिटे खांदे, टोपी आणि चेन यांवर पाणी मारून शर्ट कोरडा राहिला तरच चिठ्ठी काढायची. पाणी मारलेले जॅकेट दुकान परत घेईल काय, हे मात्र आधी नियमांत वाचून ठेवा.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

म्हणजे शेवटी मुलाचाच हंगाम.

रामबागकर, आपण मालवा एक्सप्रेसने निघणार असाल तर ती ग्वाल्हेरवरूनच जाते. अंबाल्याला उतरून पुढे बस किंवा गाडी करा. रात्रीच्या गाडीत ती बंडी पांघरायलाही होईल, हा तिचा आणखी एक गुण. जाड जॅकेट बर्थवर मावणार नाही.

रामबागकर (इंदूर)

ठरवले आहे ते लिहितो, म्हणजे कोणाला त्रुटी दिसली तर वेळेत सांगता येईल.

एकच जाड जॅकेट घेण्याचा विचार सोडला. तीन थरांचे, कमरेपर्यंतचे, १५,००० मिलिमीटरचे बिनभरणाचे जॅकेट नेहमीपेक्षा एक माप मोठे निवडले आहे. आत लोकरीचा बनियन, फ्लीस आणि कृत्रिम भरणाची बंडी घालून आरशासमोर रॉडविना कास्ट करून पाहिली. काखेत ओढ येत नाही आणि हात वर केल्यावर जॅकेटाची खालची कड बेंबीच्या वर सरकत नाही. मनगटाला वेल्क्रोची पट्टी आहे, आतले निओप्रीन नाही. बाही कोपराच्या वर सहज सरकते, हे बादलीवर तपासले. खास वेडिंगच्या जॅकेटांची किंमत मर्यादेबाहेर जात होती, म्हणून हे डोंगरात चालण्यासाठीचे आहे. पाठीवर मासा उचलायचे जाळे अडकवण्याची कडी नसल्यामुळे ते सॅकेच्या पट्ट्याला लावीन. बंडीसह एकूण खर्च मर्यादेच्या आत राहिला आणि जॅकेट इंदूरच्या पावसाळ्यात दुचाकीवरही वापरता येईल, हा चिंतोपंतांचा विजय समजावा.

बो_काठचा (कॅलगरी, मूळचा इंदूरचा)

निवड समंजस आहे. माझे मत तरीही बदललेले नाही: सतत बर्फमिश्रित पाऊस लागलेल्या दिवशी आपल्याला माझी आठवण येईल. अशा दिवसासाठी दुसरे कोरडे फ्लीस प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सॅकेत ठेवा आणि दुपारी जेवताना बदला. वेडर्सवरचा पट्टा जॅकेटाच्या आत राहील आणि घट्ट आवळलेला असेल हे पाहा. पाय घसरला तर वेडर्समध्ये पाणी भरण्यापासून तोच वाचवतो, जॅकेट नव्हे.

नर्मदातीर (इंदूर)

पट्ट्याविषयी पूर्ण सहमत. भाड्याच्या वेडर्सबरोबर तो मिळालाच पाहिजे, मागून घ्या. जॅकेटाची खालची दोरी मात्र पट्ट्याच्या खाली आवळू नका, नाहीतर कड प्रवाहात बुडेल आणि पाणी वर शोषेल.

रामबागकर (इंदूर)

दोन्ही सूचना लिहून घेतल्या. धागादोराताई, शेवटचा प्रश्न: जॅकेट धुवायचे कशाने? घरात रिठा वापरतात, तो सौम्य असतो म्हणून चालेल ना?

धागादोरा (वडोदरा)

रिठ्याचा फेस ज्या द्रव्यामुळे होतो तेही पाण्याला कापडात शिरायला मदतच करते. कापडात त्याचा अंश राहिला तर लेपाचे काम बिघडते, आणि धुण्याच्या पावडरीचे तर विचारूच नका. अशा कापडांसाठी वेगळा द्रवरूप साबण मिळतो, तो घ्यावा. न मिळाल्यास अगदी थोडा साधा द्रव साबण घेऊन फेस पूर्ण जाईपर्यंत तीन-चार पाण्यांतून काढावे. मऊपणा आणणारे द्रव घालू नये, पिळू नये, चेन लावून धुवावे. सुकल्यावर नळाखाली धरून पाहा. पाणी घरंगळले तर काही करायला नको. पसरले तर चिठ्ठीवर इस्त्रीची परवानगी आहे काय ते पाहून, वर सुती कापड ठेवून, वाफ बंद करून, सर्वांत मंद इस्त्री फिरवा. उष्णतेने लेप पुन्हा जागा होतो. तेवढ्यानेही भागले नाही तर फवारायचा लेप विकत मिळतो, पण नव्या जॅकेटाला त्याची गरज या मार्चमध्ये पडणार नाही.